पाचव्या मजल्यावरचं कासव

ललिताताईंनी पाचव्या मजल्यावरचं कुलूप उघडलं, चपला हातात घेतल्या आणि चोरासारख्या आत शिरल्या. घर मुलाचंच होतं. आमोद आणि ओवी साडेसातच्या कंपनीच्या बसने हिंजवडीला गेले, की धायरीतल्या त्या फ्लॅटमध्ये एकच जीव उरायचा, तोही काचेच्या टाकीत. पाणीपुरीच्या पुरीएवढं कासवाचं पिल्लू.

दिवा बंद. पाणी गार. दगडावर चढून ऊब घ्यायची, तर बिचारं कोपऱ्यात मान आत ओढून बसलेलं.

"शिकलेली माणसं!" असं पुटपुटत ताईंनी दिवा लावला.

कासव परवाच आलं होतं. आणल्या आणल्या ओवीने सांगून टाकलं होतं, "आई, मुलाचा विषय निघतो ना सारखा? या घरात हा एवढासा जीव दोन महिने नीट सांभाळला गेला, तर बघू."

तेव्हापासून ताईंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. लग्नाला सहा वर्षं झालेली. आमोदच्या हाताखाली दोन तुळशी वाळल्या होत्या. ओवीने तर निवडुंग मारला होता. निवडुंग! असल्या दोघांच्या भरवशावर नातवंड सोडून दुसऱ्या मजल्यावर स्वस्थ बसायचं?

"तू तर चारचौघांत सांगत असायचीस, नातवंडं सांभाळायला मला वेळ नाही म्हणून," ताईंचे यजमान श्यामसुंदरराव पेपरामागून म्हणाले.

"सांगायचं असतं हो. नाहीतर माणसं गृहीत धरतात."

"आता कासवाने धरलंय."

ताईंनी पाचव्या मजल्यावरची सगळी कपाटं उलथीपालथी केली, पण कासवाच्या खाण्याचा डबा कुठे दिसेना. आणायलाच विसरले असणार. मग त्यांनी कासव विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, पिल्लू आहे, थोडा सुका जवळा भिजवून घाला.

चातुर्मासात कांदा-लसूण न शिवणाऱ्या ललिताताई तोंडाला ओढणी गुंडाळून सोजरबाईच्या मासळीसमोर उभ्या राहिल्या.

"पाव किलो जवळा. गुलाबाला घालायचाय. खत म्हणून."

"गुलाबाला?"

"मग! गेल्या खेपेला एवढं थोरलं फूल आलं, की दोघांनी धरून देवाला वाहावं लागलं. देव दिसेनासा झाला."

सोजरबाईने मुकाट्याने पुडी बांधली. तिसऱ्या खेपेला मात्र ती बोललीच. "काकू, लई खातोय वो तुमचा गुलाब. एक डाव तिखट-मीठ लावून तळून घाला की त्याला."

ताईंचा दिवस आता कासवाच्या घड्याळावर चालू लागला. नऊला दिवा. मग जुन्या ब्रशने काच घासायची, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी कोमट करून टाकीत ओतायचं, जवळा नखाने तोडून चार तुकडे पुढ्यात टाकायचे. पिल्लू दगडावर चढून मागचे पाय ताणून द्यायचं, अगदी बाळ पसरतं तसं. ताई त्याला अंगाईसुद्धा म्हणायच्या, पण हळू. शेजारी जोशी राहायचे, आणि जोशांचे कान फार चांगले होते. सहाच्या आत दिवा बंद, ब्रश पिशवीत, ताई दुसऱ्या मजल्यावर.

संध्याकाळी ओवी खाली यायची आणि कौतुकाने सांगायची, "आई, कासवाला काही म्हणजे काही करावं लागत नाही हो. पाणीसुद्धा आपोआप स्वच्छ राहतं."

"हो का?" ताई म्हणायच्या आणि पोळी जरा जास्तच जोरात लाटायच्या.

एकदा घात होता होता टळला. ताई हातात भिजलेला जवळा घेऊन टाकीपाशी उभ्या, आणि बेडरूममधून ओवी बाहेर आली. घरूनच काम करत होती म्हणे.

"आई? तुम्ही कशा?"

"पाणी गेलंय का, बघायला आले."

"खालचं गेलं नाही?"

"तेच बघायला आले, की खालचं असून वरचं गेलं की काय."

ओवीने नाक मुरडलं. "हा कसला वास?"

"जोशांकडचा."

"जोशी? जवळा?"

"माणसं बदलतात गं."

ओवीला पुढचं ऐकवलं नाही. तोंडावर हात धरून ती बाथरूमकडे पळाली. ताईंनी तेवढ्यात तुकडे टाकीत टाकले आणि जिना गाठला. आजकालच्या पोरींना कसला वास म्हणून सोसत नाही!

दोन महिने भरले त्या रविवारी आमोद-ओवीने दोघांना वर बोलावलं. कासव आता चांगलं पुरणपोळीच्या गोळ्याएवढं झालं होतं. ताईंना पाहताच ते काचेला नाक लावून चारही पाय हलवू लागलं. ताईंनी तिकडे पाठ केली.

"जगलं की हो!" त्या म्हणाल्या. आश्चर्याचा तो चेहरा त्यांनी सकाळी आरशासमोर करून बघितला होता. "कमाल केलीत दोघांनी. मला नव्हतं बाई वाटलं."

श्यामसुंदररावांना ठसका लागला.

"आई," आमोद म्हणाला, "काल डॉक्टरकडे जाऊन आलो."

"का? काय झालं त्याला? कालपर्यंत तर चांगलं..." ताईंनी जीभ चावली.

"कासवाला नाही," ओवी लाजली. "मला चौथा लागलाय."

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी सुनेला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि त्या फिरत्या हाताचीच बोटं मोजायला लागली. चौथा, तिसरा, दुसरा. हात थांबला.

"अगं, म्हणजे कासव आलं तेव्हा तुला... मग ही कासवाची परीक्षा कशाला?"

"पाळणाघरात नाव घालायचं की नाही, ते ठरत नव्हतं," ओवी सासूच्या खांद्यावर मान ठेवून म्हणाली. "तुम्हाला सरळ विचारलं असतं, तर तुम्ही 'नाही'च म्हणाला असता. आई, पहिल्या दिवसानंतर आम्ही त्याला एकदाही खायला घातलेलं नाही."