दोन खुर्च्यांचं घर

पोस्ट ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं होती आणि वैजयंतीच्या पुढे रांगेत चार माणसं. हातात फ्रान्सला जाणारं पाकीट. तिथे घेत असलेल्या घराच्या करारावरची सही दहा दिवसांत मागे घेता येते, असा तिकडचा कायदा; पत्र टपालात टाकल्याची तारीख धरतात. आज दहावा दिवस. नवराबायकोपैकी एकाने सही मागे घेतली तरी व्यवहार मोडणार होता.

“वैजू, डोन्ट बी सिली,” जयंत कुजबुजला. लंडनमध्ये हॅरोतल्या त्या रांगेत मराठी कळेल असं कुणी दिसत नव्हतं, तरीही. “घर तुलाच जास्त आवडलं होतं.”

“मला दोघांचं घर आवडलं होतं. तुम्ही अठरा जणांना बोलावलंत.”

अठरा, तेही गणपतीला. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जयंतने त्या दगडी घराचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘या सगळे, आपलंच घर आहे.’ आपल्या माणसांना असं म्हणायचं नसतं. ती येतात.

एप्रिलमध्ये घर बघायला गेले, तेव्हा वैजयंती अंगणातल्या अक्रोडाखाली दोन तास नुसती बसून होती. पाववाल्याची गाडी हॉर्न वाजवत आली. तिने एक लांब पाव घेतला, झाला स्वयंपाक. शेजारची म्हातारी कुंपणावरून ‘बोंजूर’ म्हणाली आणि आपल्या वाफ्याकडे वळली. आत आली नाही, चहाला थांबली नाही. स्वयंपाकघरात टेबल एवढंसं, खुर्च्या दोनच. त्या बघून वैजयंतीला रडूच आलं होतं. चौतीस वर्षं भारतातून आलेला प्रत्येक नवा डॉक्टर खोली मिळेपर्यंत त्यांच्या घरी राहिला. जयंतदादांचं मन मोठं, असं लोक अजून म्हणतात. पोळ्या कोण लाटत होतं, ते कुणाला आठवत नाही.

रांग सरकली. पुढे दोघंच उरले.

“अवधूतला फोन लावा,” ती म्हणाली. “तोच सगळ्यांना घेऊन येणार आहे ना? येऊ नका म्हणा. ग्रुपवर मग मी लिहीन. एवढं केलंत तर पाकीट इथेच फाडते.”

“असं कसं सांगू? इट्स सो रूड. लोक काय म्हणतील?”

“मी काय म्हणते, ते कधी विचारलंत?”

मग खरंच जयंतने फोन काढला आणि लावला. वैजयंतीने पाकिटाची कड दोन्ही हातांच्या चिमटीत धरली. देवा, एकदाच यांच्या तोंडून ‘नाही’ निघू दे. पुढची बाई पार्सल देऊन बाजूला झाली.

“हॅलो, अवधूत? अरे ऐक ना, ते गणपतीचं... काय सांगतोस? तिकिटं बुक केलीस? सगळ्यांची?” जयंतने कपाळ पुसलं. बायकोकडे बघितलं, मग जमिनीकडे. “छे छे, काही नाही, सहज केला होता फोन. अरे वा! छानच झालं की!”

“नेक्स्ट, प्लीज,” काउंटरवरच्या मुलीने हाक मारली.

वैजयंतीने पाकीट काचेखालून आत सरकवलं. मुलीने पत्ता वाचला, वजन केलं, आणि सगळ्यांना विचारते तसंच विचारलं, आत काही मौल्यवान आहे का.

“होतं,” वैजयंती म्हणाली.