मोकळी गॅलरी

काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नलिनी रडली नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुम्ही पाळीला गेल्यावर मला संडासला कोण नेणार?"

"बघू काहीतरी," दत्ताराम म्हणाला.

"काय बघणार? कारखाना बंद करून येणार?"

विक्रोळीच्या त्यांच्या चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला होते. दत्ताराम कामावर असला की शेजारची रुक्मिणी नलिनीला हात धरून नेई आणि ती बाहेर येईपर्यंत तिथंच उभी राही. रुक्मिणीची काही तक्रार नव्हती. पण नलिनीनं दुपारचा चहा सोडला. पुढं पुढं पाणीही कमी केलं.

मग अंधांना शिकवणाऱ्या एका संस्थेतून शुभाताई येऊ लागल्या. बुधवारी दुपारी यायच्या, तेव्हा दत्ताराम कामावर असायचा. त्यांनी नलिनीच्या हातात पांढरी काठी दिली. मनगट कसं ठेवायचं, पाऊल टाकायच्या आधी पुढची जागा कशी चाचपायची, ते शिकवलं. त्यात सगळा पावसाळा गेला.

"येत्या रविवारी मी एकटी जाणार," नलिनीनं जेवताना सांगितलं. "ताई बघायला येणारेत. तुम्ही मधे यायचं नाही."

"पडलीस म्हणजे?"

"पडले तर उठेन. माझा पाण्याचा डबा मला माझ्या हातानं न्यायचाय."

दत्ताराम घाबरला होता. शनिवारी तो तिच्या नकळत गॅलरीभर फिरला. प्रत्येक दारापुढं पाण्याचं पिंप, कुठं कोळशाची पेटी, कुठं पाटा. "उद्या सकाळपुरती वाट मोकळी करा," त्यानं घरोघर सांगितलं. कुणी नाही म्हटलं नाही. अंबादासनं तर भरलेलं पिंप ओतून आत घेतलं आणि त्यापायी बायकोची बोलणी खाल्ली. रुक्मिणीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून काढलं. एवढी मोकळी गॅलरी चाळीत कुणी पाहिली नव्हती.

रविवारी शुभाताईंना यायला उशीर झाला. नलिनी थांबायला तयार नव्हती. एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन ती निघाली. माणसं आपापल्या दारात उभी राहिली. तिचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून बायकांनी पोरांची तोंडं दाबून धरली.

काठी डावीकडे गेली, काही लागलं नाही. आणखी दोन पावलं टाकून तिनं पुन्हा फिरवली. काहीच नाही. नलिनी थांबली. कान देऊन उभी राहिली.

"रुक्मिणी?" तिनं हळूच विचारलं.

रुक्मिणी तिच्यापासून हातभर अंतरावर होती. ती बोलणार होती, पण दत्तारामनं तिला खुणेनं गप्प केलं. नलिनी पुढं निघाली. काठीला भिंत संपलेली लागली. वळण आलं असं समजून ती वळली.

ते सीतारामचं उघडं दार होतं. आत दाराशीच मोरी होती.

"गो वयनी, खंय येतस? माझी आंघूळ चलली हा!"

सगळी गॅलरी हसली. सीताराम टॉवेल शोधत आणखी ओरडला, "काठी तरी मारू नको गो!" लोक जास्तच हसले. नलिनीही हसली. डब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं होतं. हसता हसताच तिनं काठी बगलेत धरली आणि हात पुढं केला.

"अहो, धरा मला."

दत्ताराम धावला. तिचा हात हातात आला, तेव्हा त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात शुभाताई जिना चढून आल्या. त्या गॅलरीकडे बघतच राहिल्या. "पिंपं कुठं गेली?"

"मीच काढायला लावली," दत्ताराम म्हणाला. "अडथळा नको म्हणून."

"अहो, पिंपावरनंच तर तिला दारं कळतात! पत्र्याचं वाजलं की सीतारामचं दार, पाटा लागला की वळायचं..." शुभाताई म्हणाल्या. मग अंबादासनं कुणी न सांगता आपलं पिंप बाहेर आणलं.

बुधवारी दत्तारामनं कामावर खाडा केला. शुभाताई आल्या तेव्हा नलिनी तांदूळ निवडत बसली होती. बोटांनी खडे शोधायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"चला, आज परत बघू," शुभाताई म्हणाल्या.

"नको ताई. चाळीची एकदा करमणूक केली, पुरे झालं."

"अगं, तुझी चूक नव्हती त्यात."

"चूक कुणाची का असेना. सगळ्यांसमोर मीच गेले ना तिथं?" नलिनीनं तांदळातून हात काढला नाही. "हे नेतात मला. रुक्मिणी आहे."

शुभाताईंनी दत्तारामकडे पाहिलं. "तुम्ही सांगा हिला. तुमचं ऐकेल ती."

दत्ताराम खिडकीपाशी उभा होता. नलिनीनं मान थोडी त्याच्या बाजूला वळवली आणि ती थांबून राहिली. तो काही बोलला नाही. शुभाताई चप्पल घालून निघून गेल्या.

एकदा परत करून बघ, एवढंच त्याला म्हणायचं होतं. नलिनी वारली त्याला आता दुसरं वर्ष चालू आहे. ते म्हणायचं राहून गेलं.