लाल फितीची खिट्टी

सकाळी सव्वासातला चार आसनांचं खाजगी विमान धावपट्टी संपली तरी उचललं गेलं नाही. कुंपण तोडून ते नाल्यात आदळलं. चालवणारा एकटाच होता. तो जागीच गेला.

दुपारी हँगरच्या ऑफिसात तपास अधिकाऱ्यासमोर त्याची मोठी बहीण बसली होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

अधिकाऱ्याने आडवळण घेतलं नाही. उभ्या विमानाच्या शेपटीची हलती फळी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिच्यात खिट्टी अडकवतात. ती काढायची राहिली, तर विमान जमीन सोडत नाही. भाऊ ती विसरला, असं बाहेर बोललं जात होतं. आईच्या कानावरही ते गेलं होतं. तिने फोनवर एवढंच विचारलं होतं, चूक त्याची होती का?

"त्याची नाही," बहीण म्हणाली.

खिट्टी काढणं हे वर्षानुवर्षं तिचं काम. ती काढायची, समोर येऊन उंच धरायची, तो आतून अंगठा दाखवायचा. निघण्याआधी आतला दांडा हलवून शेपटीची फळी हलते का बघत जा, असं मेकॅनिक त्याच्या कानीकपाळी ओरडायचा. ताईचा हात वर दिसला की झालं, म्हणत तो ते उडवून लावायचा. वर ताईचीच चेष्टा. चष्मा हरवतेस, किल्ल्या हरवतेस, एक दिवस मलाही कुठेतरी ठेवून येशील.

आज तिला यायला उशीर झाला. पोचली तेव्हा इंजिन चालू होतं. गाडी विमानामागे लावून ती धावत पुढे आली.

"हात वर केला?"

"केला. तो हसला. अंगठा दाखवला."

तिने पर्समधून खिट्टी काढून टेबलावर ठेवली. तिची लाल फीत विटून गुलाबी झाली होती. अधिकाऱ्याने सुस्कारा सोडला. आईला तसं कळवता येईल, म्हणाला.

तेवढ्यात मेकॅनिक दारात आला. कोपरापर्यंत चिखल. नाल्यातून शेपटी वर काढल्याचं त्याने सांगितलं आणि टेबलावर दुसरी खिट्टी ठेवली. फीत कोरी, लालभडक.

"शेपटीतच होती," तो म्हणाला. "परवा मीच बनवून दिली. जुनी हरवली म्हणून."

अधिकारी बहिणीकडे वळला. ती गुलाबी फितीकडे बघत होती.

"इंजिन चालू होतं. म्हटलं, नवी त्याने काढलीच असणार," ती म्हणाली. "ही आज येताना गाडीत सीटखाली मिळाली. सापडली, एवढंच दाखवत होते त्याला."