उजेड कमी-जास्त

देवदत्तचं जेरीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, आणि ते का राहिलं हे समोरच्या पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. रोजचा एकेक फोटो जोडून केलेल्या फिल्ममध्ये खोताच्या वाडीतलं जेरीचं घर लुकलुकत होतं. उजळ, काळवंडलेलं, पुन्हा उजळ. कौलं उतरत होती, कठडे जात होते, जिना हवेत लटकत होता, आणि सगळा वेळ कुणीतरी दिव्याचं बटण दाबत-सोडत असल्यासारखं वाटत होतं.

“मामा, डोळे दुखायला लागले माझे,” ऋग्वेदा म्हणाली. देवदत्तची ही भाची प्रभादेवीच्या एका स्टुडिओत जाहिरातींचं एडिटिंग करायची. रविवार असूनही तिने मामासाठी खोली उघडली होती.

“वाईटच आलंय,” देवदत्त पुटपुटला. “मी तुला आधीच म्हटलं होतं.”

“वाईट नाही रे. उजेड उडतोय फक्त. करू ठीक.”

जेरी त्याचा शाळेपासूनचा मित्र, समोरच्या घरातला. आता तो वसईला लेकीकडे, एलिनाकडे राहायचा. भावंडांनी मिळून घर विकलं तेव्हाही तो इकडे फिरकला नव्हता. कानांनी दगा दिल्यामुळे त्याला फोनवर काही धड कळत नसे, म्हणून त्याने पत्र लिहिलं होतं. ‘देव्या, घर उकलायला घेतलं तेव्हा मला तिकडे पाऊल टाकवलं नाही. आई गेली तेव्हा आम्ही सगळे रात्रभर तिच्या उशाशी बसलो होतो. घर गेलं तेव्हा आपल्यातलं कुणी जवळ होतं का? की एकटंच गेलं?’

लाकडी घर कुणी एका दिवसात पाडत नाही. जुन्या सागाला गिऱ्हाईक असतं, त्यामुळे ते एकेक फळी सांभाळून उकलतात. तो सगळा हिवाळा देवदत्त रोज सकाळी पूजा आटोपून आपल्या गॅलरीत उभा राहिला होता आणि रोज त्याने त्या घराचा एक फोटो काढला होता. त्याची बायको नलू चहाचा कप घेऊन मागे यायची. “घर काही पळून जात नाहीये. आधी चहा घ्या.” खरं तर ते पळूनच चाललं होतं.

उत्तर लिहायला तो कितीदा बसला. पण वाचनालयाच्या नोकरीत दुसऱ्यांची इतकी चांगली वाक्यं वाचून झाली होती, की स्वतःचं एकही वाक्य त्याला पाठवण्यालायक वाटेना. मग त्याने ठरवलं, पत्राऐवजी फोटोच जोडून पाठवू. घर हळूहळू विरघळताना जेरी बघेल. ते जोडले, तर हे असं. डोळे मिचकावणारं घर जेरीला कुठल्या तोंडाने पाठवायचं?

“कॅमेरा ऑटोवर होता का?” ऋग्वेदाने विचारलं.

“छे. पुस्तकात वाचलं होतं, सगळं आपल्या हाताने ठरवावं म्हणून.”

“बरोबर आहे. पण मग एकदा ठरवून ते तसंच ठेवायचं ना!”

“तसंच कसं ठेवणार? कालचा फोटो काळपट वाटला, की मी आज उजेड जरा वाढवायचो. मग तो भगभगीत वाटायचा. मग उद्या कमी.”

ऋग्वेदा खुर्चीत मागे रेलून हसली. “म्हणजे घर नाही लुकलुकत, मामा. तू लुकलुकतोयस.”

देवदत्तही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तिने कॉम्प्युटरला काम लावून दिलं. प्रत्येक फोटोचा उजेड मागच्या-पुढच्या फोटोंशी जुळवून घ्यायचा, एवढंच, ती म्हणाली. दोघांचा चहा होईपर्यंत ते झालंसुद्धा. आता सगळा हिवाळाभर एकच शांत, मऊ उजेड होता. पाण्यात साखर विरघळावी तसं घर विरघळत गेलं. कुठे धक्का नाही, कुठे चूक नाही. हे आपल्या हातून झालंय यावर देवदत्तचा विश्वास बसेना.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतला विनीत दारातून डोकावला. “मस्त आहे गं! बिल्डरचं फुटेज का? ते खांबावर कॅमेरा ठोकून जातात ना. मग तिकडे कुणी बघायलाही लागत नाही.”

“मामाने काढलंय ते,” ऋग्वेदा अभिमानाने म्हणाली.

“काय सांगतेस! वाटत नाही बुवा. इतकं परफेक्ट!”

विनीत गेला. देवदत्तने पुन्हा एकदा ते लावायला सांगितलं. घर पुन्हा गुपचूप विरघळलं. खरंच, आता तिथे बघणारं कुणी उरलं नव्हतं.

“ऋग्वेदा, आधीचं पुसलंस का गं?”

“नाही. का?”

“तेच दे मला.”

“अरे मामा, ते खराब आहे!”

“असू दे.”

सोमवारी गिरगावच्या पोस्टात नलू त्याच्याबरोबर गेली. एकटा गेला तर दारातून परत येईल, हे तिला ठाऊक होतं. रांगेत त्याने पाकिटातली चिठ्ठी दोनदा काढून वाचली. तिसऱ्यांदा तो खिशातलं पेन शोधायला लागला, तेव्हा तिने पाकीट हातातून ओढून घेतलं.

“पुरे झालं. आता आणखी उजेड कमी-जास्त करू नका,” ती म्हणाली. पाकीट चिकटवून तिने ते खिडकीतून आत सरकवलं.

शिक्का बसला. आत पेन-ड्राइव्हभोवती गुंडाळलेल्या चिठ्ठीत एवढंच होतं : ‘जेरी, घर जिथे जिथे लुकलुकेल, तिथे मी उभा होतो.’