मधल्या काचेतला माणूस

“झ्याक फ्रेमीचो चष्मो घे गो, आणि माझी अर्धी रवलेली पोथी देवळात पुरी कर,” शेवटच्या दुखण्यात सुमतीबाईंचे यजमान काशिनाथ म्हणाले होते. म्हणून सोमवारचा उपास धरून सुमतीबाई मालवणात चष्मा घ्यायला आल्या होत्या.

“काकी, वरसून लांबचा, खालसून वाचूचा, मधसून समोरचा दिसतला,” दुकानदाराने समजावलं.

वरून रस्ता लख्ख दिसला. खालून बरोबर आणलेल्या पोथीची अक्षरं.

मधून समोरची खुर्ची दिसली. तिच्यावर काशिनाथ बसले होते. त्यांचं बोट हवेत एकाच ओळीवरून फिरत होतं, पुढे सरकतच नव्हतं.

“टोचता खंय?” दुकानदाराने विचारलं.

“नाय रे. हलको आसा.”

काशिनाथ उठून बाहेर पडले. मधल्या काचेतून ते निसटू नयेत म्हणून मान ताठ धरून, पोथी घेऊन, सुमतीबाई त्यांच्यामागून देवळाच्या वाटेला लागल्या.