नव्या मशीनची तक्रार

आमच्या लॅबमध्ये फेरिटिन मोजणारं नवं मशीन आलं. अंगात लोहाचा साठा किती शिल्लक आहे, ते रक्तावरून सांगणारं. पेशंटच्या आधी आपलंच बघू या, म्हणून आम्ही पाचजणींनी हौसेने एकमेकींचं रक्त काढलं. आकडे आले आठ, सहा, अकरा, सात आणि नऊ. निदान तीस तरी यायला हवे होते.

"पाचही जणींचं कमी कसं येईल? मशीनच गंडलंय," असं म्हणत मोठ्या मॅडमनी थेट कंपनीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर आला. लिफ्ट बंद होती, तरी जड बॅग घेऊन शीळ घालत तीन जिने चढून आला. त्याने मशीन उघडलं, पुसलं, सोबत आणलेला नमुना लावून पाहिला. आकडा चोख आला. आमचं समाधान होईना, तेव्हा त्याने स्वतःचाच हात पुढे केला. चौऱ्याण्णव.

"बघा, बरोबर चाललंय."

"तुमच्यापुरतं चाललंय!" मॅडम उसळल्या. "अहो, आम्ही पाचहीजणी ठणठणीत आहोत. आता जिना चढताना धाप लागते, विंचरताना केसांचा पुंजका हातात येतो, दुपारी बसल्या बसल्या डोळे मिटतात. पण ते काय, सगळ्यांनाच होतं."

बॅगेची चेन लावता लावता तो थांबला आणि जरा चाचरत म्हणाला, "मॅडम, मला नाही होत."