आत्याची कुर्र

पक्षाघातानं हेमाची वाचा गेली, तेव्हापासून ती फक्त दुपारी बोलायची. गाव जेवून लवंडलं, की झोपलेल्यांच्या मेंदूतली रिकामी ताकद गावच्या संगणकी मेघात जमा व्हायची. हेमाच्या कानामागची चकती तिथून लागेल तेवढी उचलायची आणि तिला बोलता यायचं. ती ताकद कुणाकुणाची, हे कुणी विचारत नसे.

आज मात्र भावाच्या लेकीचं बारसं होतं आणि सारं गाव नटूनथटून मांडवात जागं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण आत्याची जीभ हलेना. "तूच सांग," अशी खूण तिनं वहिनीला केली.

"छे हो वन्सं, मान तुमचाच!" म्हणत वहिनी पाहुण्यांकडे वळली. "मंडळी, आधी सगळ्यांनी एक डुलकी काढा बघू!"

श्रीखंडाचं जेवण अंगावर आलंच होतं. फेटे उशाला गेले, पैठण्या चुरगळल्या, वहिनीही भिंतीला टेकून पेंगली. मांडव घोरू लागला.

हेमानं पाळण्यावर वाकून नाव सांगितलं. "कुर्रर्र!" पाठीत धपाटे घालायला कुणी जागंच नव्हतं. ती वळली. डोळे पुसत हळूच म्हणाली,

"एवढ्यात उठू नका हं. तुमचे आभार मानायचेत."